आत्याच्या खुब्याचे टाके

सोमवारी दुपारी बरोबर सव्वातीन वाजता आत्याला जीपमधून उतरवलं आणि साडेतीनच्या आत दारात पहिली चप्पल पडली. तिथून हे सगळं सुरू झालं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गोठ्यात शेणावरून पाय सरकला, पडल्या आणि उजवा खुबा मोडला. तळेगावच्या एका दवाखान्यात आतला गोळा काढून नवा बसवला, वरून कातडीला पिना मारल्या आणि घरी पाठवलं. आपल्या टाकवे गावात पेशंट घरी आलं की माणसं भेटायला येतात, आणि माणसं आली की किस्से होतात. ते काही कुणी जमवायला बसत नाही. दारातल्या चपलांसारखे आपोआप साचतात. माणसं निघून गेली तरी एखादी चप्पल मागं राहतेच.

बचत गटाच्या मीटिंगला मी यातलं थोडं थोडं सांगितलंय. तुम्ही हसता. आता मीही हसते. पण तेव्हा धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं वाटायचं, हे आधीच सांगून ठेवते.

दवाखान्यातून निघताना तिथल्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हाडाची काळजी नाही, ते बसलंय. काळजी या जखमेची. ती पिकली आणि पू आत उतरला तर नवा गोळा काढावा लागतो. मग सगळं पहिल्यापासून. जखमेकडे लक्ष ठेवायचं."

मी मान हलवली. त्या दिवशी मी सगळ्यालाच मान हलवत होते. कडेवर ओवी रडत होती, तीन वर्षांची पोर, तिला आजी दिसत होती पण आजीकडं जाता येत नव्हतं. हातात औषधांची पिशवी. वरून कागद इंग्रजीत, आणि माझी शाळा सातवीपर्यंत. 'लक्ष ठेवायचं' एवढं मराठीत होतं, म्हणून तेवढं डोक्यात राहिलं. राहिलं म्हणजे काय, घोळत राहिलं. भाकरी थापताना, ओवीला न्हाऊ घालताना, तेच.

*

दोन्ही गुडघे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत आणि पायावर पाय टाकायचा नाही, असं सांगितलेलं. नाहीतर गोळा जागचा हलतो. म्हणून दोन्ही मांड्यांच्या मधे जाड उशी ठेवायची. आत्याला तशा पडून राहायची इतकी लाज वाटायची की त्या चादर पार गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या. मग चादरीखाली मधोमध उंचवटा दिसायचा.

वरच्या आळीची गंगूआजी भेटायला आली. नव्वदीच्या घरातली म्हातारी, डोळ्यांनी अंधुक दिसतं. खोलीत तेव्हा आठ-दहा माणसं होती आणि आबा, म्हणजे माझे सासरे, उंबऱ्यापाशी बसलेले. आजी खाटेला टेकली, चादरीवरून हात फिरवला, उंचवटा चाचपला आणि लाडानं विचारलं, "पोरगं का पोरगी?"

कुणी हसेना, कुणी बोलेना. आत्यानं डोळेच मिटून घेतले.

आजीला वाटलं पोरगी झाली म्हणून सगळे गप आहेत. तिनं उंबऱ्याकडं मान वळवली आणि आबांना म्हणाली, "काय रं, ह्या वयात?"

आबा उठून गोठ्यात गेले ते दिवेलागणीलाच परत आले.

*

आत्या जन्मभर नऊवारीतल्या. आणि नऊवारीचा कासोटा मागं खोचला की कापड बरोबर पिनांवरून ताणलं जातं. आधीच त्या पिना ओढायच्या. कुशीवर वळलं की आग, उठून बसलं की कातडी उसवल्यासारखं व्हायचं, आणि आजूबाजूला बोट लावलं तर काहीच कळायचं नाही, बधिर. त्यावरून लुगड्याचा काठ घासायचा. डॉक्टरांनी सैल कपडे सांगितलेले. मी कामशेतच्या बाजारातून दोन मॅक्स्या आणल्या, एक निळी, एक फुलाफुलांची.

आत्यानं त्या बोटाच्या चिमटीत धरून बघितल्या. "ह्यो झगा घालून मी सासऱ्याम्होरं बसू?"

त्यांच्या सासऱ्यांना जाऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली असतील. पण त्यांचा फोटो खाटेसमोरच्या भिंतीवर आहे, फेटा बांधलेला, मिशा पिळलेल्या, आणि नजर थेट खाटेवर.

"मंग काय करू आत्या?"

"त्यास्नी फिरीव."

मी स्टुलावर चढून फोटो भिंतीकडं तोंड करून टांगला. आत्यानं निळी मॅक्सी घातली आणि त्या दिवशी पहिल्यांदा जरा सुखानं पडल्या.

संध्याकाळी आबा उदबत्ती लावायला आले तर समोर फोटोची पाठ. पुठ्ठा, खिळे आणि एक कोळ्याचं जाळं. ते उदबत्ती धरून तसेच उभे राहिले. "दादास्नी काय झालं?"

मी चुलीकडं तोंड केलं.

खाटेवरून आत्या म्हणाल्या, "लाजल्यात."

*

आमचा संडास गोठ्याच्या मागं, आणि आत्याला खाली बसायची बंदी. म्हणून आमच्या ह्यांनी कंपनीतल्या मित्राकडून ती भोकाची खुर्ची आणली. स्टीलचे पाय, हाताला दांडे, वरून झाकण. झाकण लावलं की कळतसुद्धा नाही. मी ती रोज घासूनपुसून चकचकीत ठेवायचे आणि पाहुणे यायच्या आत मागच्या खोलीत नेऊन ठेवायचे.

एक दिवस राहिली.

नेमके कामशेतचे नाना आले. आत्याची धाकटी बहीण तुळसामावशी, तिचे हे मालक. तांदळाचे व्यापारी, पांढरी टोपी, कडक इस्त्री. घरात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, त्यावर आधीच बायका बसलेल्या. नानांनी चारी बाजूंना बघितलं आणि जाऊन तीत बसले. झाकण होतं, एवढंच नशीब.

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. आत्यानं छताकडं बघितलं.

आता उठा कसं म्हणायचं? मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. दांड्यांवर हात थोपटले. पुढं झुकले, मागं टेकले. "आबा, खुर्ची लय मजबूत हाय. आमच्या गादीवर अशीच पायजे, दिवसभर बसून कंबर मोडती. कुटं मिळाली?"

आबा म्हणाले, "तळेगावला."

"मला एक सांगून ठेवा."

आबांनी मान डोलावली. आत्या पांघरुणाच्या आत हलायला लागल्या. मला वाटलं रडतात, म्हणून मी धावले. हसत होत्या, आणि हसताना पिना ओढत होत्या, म्हणून डोळ्यांतून पाणीपण येत होतं.

*

दवाखान्यातून रोज एका मुलाचा फोन यायचा, पेशंटची चौकशी करायला. चांगला मुलगा होता, पण शहरातला.

"मावशी, दुखणं एक ते दहामध्ये किती आहे?"

आत्यानं विचार केला. "बारा."

"नाही मावशी, दहाच्या आत सांगायचं."

"बारा आणे म्हणतीया मी."

आबांनी लांबूनच मुलाला समजावलं, की बाबा, आमच्याकडं भाताचं पीक आण्यात सांगतात. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, चार आणे म्हणजे गेलं. तसं तिचं दुखणं बारा आणे आलंय.

"पण मी इथं काय लिहू?"

फोन माझ्या हातात आला. मी ओवीच्या पाटीवर गणित मांडलं. सोळाला दहा, तर बाराला किती. सातवीनंतर पहिल्यांदाच त्रैराशिक केलं. "साडेसात लिहा," म्हणाले.

साडेसात ऐकून डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि 'असंच राहिलं तर आणून दाखवा' असा निरोप दिला. आत्यानं तो निरोप ऐकला. दुसऱ्या दिवशी फोन आला तर म्हणाल्या, "सा आणे." मग चार. मग दोन.

मी देवापुढं साखर ठेवली. इतकी मी शहाणी.

*

ड्रेसिंगचा किस्सा मला सांगायला अजून अवघड जातो.

आपल्या गावात जखम बांधायचं ज्ञान एकाच माणसाला, ते म्हणजे दामूभाऊ. जन्मभर कामशेतच्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. हात हलका, मन निर्मळ. पण नात्यानं ते आबांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे आत्याचे थोरले दीर. आत्या लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभ्या राहिलेल्या नाहीत आणि एक शब्द थेट बोललेल्या नाहीत. दारात दामूभाऊंची काठी वाजली की त्या आतल्या खोलीत. आता आतल्या खोलीतच खाट, तर जातील कुठं?

म्हणून बोलणं सगळं माझ्यामार्फत चाले. तिघं हाताच्या अंतरावर.

"तिला म्हणावं, कुशीवर हो."

"त्यास्नी म्हणावं, झाले."

"दुखतंय का इचार."

"न्हाई म्हणावं."

मॅक्सीला पदर नाही, म्हणून आत्यानं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत खाली ओढलं. मग मी खालून मॅक्सी वर केली. डोक्यावरचा पदर तसूभर ढळला नाही. बाकी सगळं उघडं.

दामूभाऊंनी तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळवलं. तसंच, नजर तिकडं ठेवून, बोटांनी अंदाज घेत जुनी पट्टी काढली, औषधाचा बोळा फिरवला, नवी पट्टी लावली, कडा दाबल्या. जन्मभराचा हात, चुकला नाही. आणि मी? सासूचं अंग आणि समोर तिचे थोरले दीर, मी कुठं बघणार? मीही कॅलेंडरकडंच बघत होते. त्या महिन्याच्या एकादश्या, चतुर्थ्या आणि दुधाचे खाडे मला अजून पाठ आहेत.

बाहेर आबांनी विचारलं, "दामूदादा, जखम कशी हाय?"

दामूभाऊ हात धूत म्हणाले, "उत्तम."

*

मग आत्या मॅक्सी धुवायला टाकेनात. "असू दे, मी बरी झाले की धुईन." निळी कुठं गेली म्हटलं तर "आसंल कुटंतरी."

चादर बदलायला गादीची कड उचलली तर खाली निळी मॅक्सी, घडी घालून दाबून ठेवलेली. मागच्या बाजूला पिवळट डाग. खळ घातल्यासारखा कडक झालेला, आणि वास.

"आत्या, ह्ये काय?"

"च्या सांडला."

"इतक्या मागं?"

"मला काय मागं डोळं हायेत?"

एरवी मी हसले असते. सिस्टरचं बोलणं आठवलं. नवा गोळा, परत कापाकापी, परत पहिल्यापासून. बाहेर जाऊन सिस्टरना फोन लावला.

"जखम लाल आहे का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"हाताला गरम लागते? पाणी वरच्या टोकाला येतंय की खालच्या?"

"मी बघितली नाही, सिस्टर."

"ड्रेसिंग कोण करतं?"

"दामूभाऊ."

"मग त्यांनी बघितली असेल."

"नाही. ते कॅलेंडरकडं बघतात."

मग त्या म्हणाल्या, "घरी माणसं येत असतील ना भेटायला?"

"खूप येतात. सकाळपासून रीघ असते. कामशेतहून येतात, वडगावहून येतात. काल तर पवनेच्या बाजूचे..."

"आणि जखम कुणीच बघितली नाही."

त्यांनी ते विचारलं नव्हतं. नुसतं म्हटलं. पेशंटला बघायला अर्धा तालुका येऊन गेला होता आणि चहाचे कप मी विसळले होते.

*

हा किस्सा नाही, पण मधे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ओवीच्या वेळी माझं सिझर झालं. घरी आले तेव्हा रोज सकाळी आत्या दार लावायच्या, माझी साडी खाली सरकवायच्या आणि टाके बघायच्या. मी लाजून हात मधे घालायचे. त्या हातावर फटका मारायच्या. "लाजतीस कुणाला? मी काय परकी हाय?" मग बोट न लावता, नुसतं वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायच्या. पूर्ण बुजेपर्यंत, रोज.

फोन ठेवला तेव्हा मला ते आठवलं. आधी आठवलं नाही.

मी आत गेले, दार लावलं. आत्यानं ओळखलं. चादर दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आगं सोड. तुज्या नवऱ्याला जलम दिलाय मी. तू माझं बघायचं व्हय?"

"बघायचंय."

"मला लाज वाटतीया गं."

"मलाबी वाटतीया."

"मंग?"

"मंग दोघी लाजू," म्हणाले आणि पट्टी उचलली.

वरच्या पिना सुकून एका ओळीत बसल्या होत्या. खालच्या टोकाला मात्र कातडी फुगलेली, लालभडक, जवळ हात नेला तरी ऊब लागत होती. शेवटच्या दोन पिनांमधून पिवळं पाणी पाझरत होतं.

"लय हाय का?" आत्यानं भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"आत्या, दोन आणे कसं म्हणालात तुमी?"

"परत चिरत्याल म्हणून."

*

त्याच दुपारी जीप करून दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरणे, माझ्याच वयाचे असतील. आत्या टेबलावर कुशीवर झाल्या आणि सवयीनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तोंड उघडं ठेवा."

"जखम तिकडं हाय की."

"मी दाबणार आहे. तुम्ही दुखलं तरी सांगणार नाही. तोंडावरून मला कळेल."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू, एकेक बोट सरकवत, पदर कपाळापर्यंत मागं घेतला. परक्या पुरुषासमोर दोन्ही उघडं, तोंडही आणि तेही. त्यांचे कान लाल झाले होते. मी त्यांचा हात धरला.

डॉक्टरांनी दाबलं. "दुखतंय?"

"न्हाई."

माझ्या हाताची बोटं त्यांच्या मुठीत पांढरी पडली. डॉक्टर मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. किती?"

"सोळा आणे," माझ्या तोंडून गेलं.

त्यांना आणे कळले नाहीत, पण कळलं. खालच्या दोन पिना काढल्या, साचलेलं बाहेर येऊ दिलं, सगळं धुतलं, तपासायला पाठवलं. मी दाराशी उभी राहून नवस बोलत होते, कुठल्या देवाला काय कबूल केलं ते आता नीट आठवतही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वरवरचं आहे. गोळ्यापर्यंत गेलेलं नाही. पण अजून थोडे दिवस असंच झाकून ठेवलं असतं, तर मी हे बोललो नसतो."

आत्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, शिरेतून औषधं दिली. सिस्टरनी मला ड्रेसिंग शिकवलं. हात धुवायचे, आधी बघायचं, मग पुसायचं. "आधी काय?" त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या, शाळेतल्या बाईंसारख्या. "आधी बघायचं."

वॉर्डात आत्या मला हळूच म्हणाल्या, "दामूभाऊंना काय बोलू नगंस. जिवाला लावून घेतील."

मी बोलले नाही. पण गावात गोष्ट राहते होय? आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी दारात काठी वाजली. दामूभाऊ आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, खाली बघत. मला म्हणाले, "तिला म्हणावं, माझं चुकलं."

मी वळले. सांगायची गरज नव्हती, खाट तिथून चार पावलांवर. आत्या पदराआडून म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, माझंबी."

दोघांनीही ते ऐकलं होतं, तरी मी दोन्ही निरोप मोठ्यानं पोचवले. तशीच पद्धत आहे.

*

आता शेवटचा. हा अजून कुणाला सांगितला नाही.

आत्या काठी घेऊन चालायला लागल्या ते बघून कामशेतच्या तुळसामावशींना धीर आला. त्यांचाही खुबा झिजलेला, कितीतरी वर्षं लंगडत होत्या. "ताई चालती, मंग मी का भ्यायचं," म्हणाल्या आणि ऑपरेशन करून घेतलं. घरी आल्याचं कळल्यावर आम्ही भेटायला गेलो, आत्या, मी, कडेवर ओवी.

घर माणसांनी भरलेलं. पडवीत तांदळाची पोती, त्यावरसुद्धा पाहुणे बसलेले. आत तुळसामावशी खाटेवर, गळ्यापर्यंत चादर. चेहरा पावडर लावल्यासारखा. खिडकी बंद, धुपाटणं पेटवलेलं, इतका धूर की ओवी खोकायला लागली.

"ये ताई. समदं बरं हाय बघ," मावशी म्हणाल्या.

"दुखतंय?"

"न्हाई गं."

"आग हुती?"

"न्हाई."

"टाकं कुणी बघितलं?"

"ड्रेसिंगवाला येतो की रोज. लय सभ्य माणूस हाय."

आत्यानं पुढं काही विचारलं नाही. चहा आला. बशीत ओतून त्यांनी तो अगदी सावकाश प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. नाना भाताच्या भावाचं काही सांगत होते, ते ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला आणि काठी घेतली.

"नाना, भाईर व्हा."

नाना बोलता बोलता थांबले. "क्काय?"

"समदी भाईर व्हा. गडी बी अन् बाया बी."

घरमालकाला त्यांच्याच घरात कुणी असं म्हणत नाही. माणसं एकमेकांकडं बघत उठली. मी आत थांबायला लागले तर म्हणाल्या, "तू बी. पोरीला धूर लागतोय." मग त्यांनी स्वतःच खिडकी उघडली, ट्यूब लावली आणि आतून कडी घातली.

पडवीत आम्ही सगळे उभे. नाना टोपी काढून परत घालत होते. त्यांची सून मला हळूच म्हणाली, "तुमच्या आत्या रागावल्या काय?"

आतून तुळसामावशींचा आवाज आला. "ताई, नगं ना. लाज वाटती."

"वाटू दे."

धुराचा वास खिडकीतून बाहेर यायला लागला, आणि त्याच्या मागून दुसरा एक वास आला. तो मला ओळखीचा होता. मी ओवीला छातीशी धरलं.

कडी निघाली. आत्या दारात उभ्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला, समोर नाना, नानांचे भाऊ, बाजारातले चार व्यापारी. त्यांनी पदर सावरला नाही.

"नाना, गाडी काढा."

"आत्ता? ती तर बरं हाय म्हणती..."

"गाडी काढा."

नाना चावी शोधायला धावले. दोघा-तिघांनी मिळून मावशींना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, मी उशी दिली. आत्या पुढं बसल्या. गाडी सुरू झाली तरी पडवीतल्या बायका तशाच उभ्या, हातात कप घेऊन. आत्यानं काच खाली केली.

"हितं काय उभ्या ऱ्हायलाय? आपापल्या आळीत जावा. ज्याच्या ज्याच्या घरी टाकं घातल्यालं माणूस आलंय, तितं सांगा. दार लावा, दिवा लावा, अन् बघा म्हणावं."